नळी कुठं?

आमच्या गावात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. लंगरखान्यात पोळ्या भाजून आलेला असो की सीमेवर उभा राहून आलेला, एसटीतून ट्रंक उतरली की तो मेजर. मी निवृत्त झालो तेव्हा दफादार होतो, म्हणजे पायदळातला हवालदार समजा. सुरुवातीला लोकांना समजावून सांगायचो, मग सोडून दिलं. गाव परभणी जिल्ह्यातलं आहे, तालुक्याचं आहे. जिंतूर नाही, पाथरी नाही आणि पालमही नाही. त्याच्यापुढचं नाव मी सांगणार नाही. ज्या रणगाड्यावर माझी उमेदीची वर्षं गेली त्याचंही नाव सांगणार नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना ते माहीत आहे, आणि बाकीच्यांनी विचारलं की मला शंका येते.

मागे एक फोन आला होता. बाईचा आवाज, फार गोड. "सर, आम्ही माजी सैनिकांचे अनुभव गोळा करतोय. तुमच्या रणगाड्याचं समोरचं चिलखत किती जाड होतं हो?" मी तिला रोटाव्हेटरची पाती किती जाड असतात ते सविस्तर सांगितलं आणि म्हणालो, ट्रॅक्टर दाखवायचा असेल तर सकाळी आणा, दुपारी गर्दी असते. माझं जिंतूर रोडला ट्रॅक्टरदुरुस्तीचं दुकान आहे. पुन्हा तिचा फोन आला नाही. बायको म्हणाली, बिचारी खरंच कुणी पत्रकार असेल. असेल. नसेलही.

हा स्वभाव मी आईच्या पोटातून आणलेला नाही, तो मला रणगाड्यानं लावला. लोकांना रणगाडा म्हटलं की ताकद दिसते. चाळीस टनांच्या वरचं लोखंड, त्याला ओढणारं अवाढव्य इंजिन आणि पुढे लांब नळी. आत बसून इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की रणगाडा मुळात संशयातून घडवलेला आहे. समोरून कुणीतरी मारणार, असा संशय, म्हणून सगळ्यात जाड चिलखत समोर. त्या चिलखतावरही भरवसा नाही, म्हणून त्याच्यावर स्फोटकांच्या डब्या बसवलेल्या. शत्रूचा गोळा आदळला की डबी बाहेरच्या अंगाला फुटते आणि आत घुसू पाहणारी धार मोडून काढते. आतल्या माणसाच्या नजरेवर विश्वास नाही, म्हणून लेझर अंतर मोजतं, संगणक वाऱ्याचा हिशेब धरतो आणि अंधारात लपलेला माणूस त्याच्या अंगाच्या उबेवरून पडद्यावर दिसतो. हवेत विष असेल म्हणून हवा गाळून आत घ्यायची. आत आग लागेल म्हणून आपोआप सुटणाऱ्या बाटल्या. कुणी पाहिलंच तर धूर सोडून पळायची सोय. आमच्या प्रकारच्या रणगाड्यात गोळा भरणारा चौथा माणूसही ठेवला नव्हता, ते काम यंत्राकडे. आत आम्ही तिघंच: नळीच्या एका बाजूला कमांडर, दुसऱ्या बाजूला गनर, आणि पुढे खाली, पोटात, एकटा ड्रायव्हर. तो मी.

दोन गोष्टी बाहेरच्या लोकांना पटत नाहीत. एक म्हणजे रणगाडा उड्या मारत पळत असतानाही नळी आपल्या निशाण्यावरून हलत नाही. कोंबडी हातात धरून तिचं अंग हलवून बघा, मान जागच्या जागी राहते. ते काम आमच्याकडे यंत्र करतं. दुसरी गोष्ट जमिनीची. इतकं वजन असूनही रणगाडा जमिनीला फार दाबत नाही, कारण ते सगळं वजन दोन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं. उसानं भरलेल्या ट्रॉलीचं चाक त्याच्यापेक्षा जास्त रुततं. पण ज्या दिवशी रणगाडा रुततो, त्या दिवशी त्याला काढायला दुसरा रणगाडा लागतो. म्हणून ड्रायव्हरला जमीन ओळखता आली पाहिजे, आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. झाकण बंद असलं की एका वीतभर काचेतून पुढचं थोडंसं दिसतं, तेवढंच. बाकी सगळं बुडाखालून कळतं.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हर ओळखायला शिकतो, ती म्हणजे नळीची जागा. आमचं झाकण बरोबर नळीच्या खाली. नळी अडवून उभी असेल तर झाकण उघडत नाही आणि आग लागली तरी बाहेर येता येत नाही. उलट, डोकं बाहेर काढलेलं असताना वर कुणी बुरूज, म्हणजे नळी धरणारा फिरता घुमट, फिरवला तर मान जाते. तसं होऊ नये म्हणून एक खटका असतो. झाकण उघडं असलं की बुरूज यंत्रानं फिरत नाही. पण मी त्या खटक्यावर कधी विश्वास टाकला नाही. झाकणाला हात लावायच्या आधी मी हेडफोनवर विचारायचो, "साहेब, नळी कुठं?" आणि वरून उत्तर यायचं, "बाजूला हाय. ये वर." हे उत्तर आल्याशिवाय मी कधीही बाहेर आलो नाही. दुसऱ्या ड्रायव्हरांनी माझी टिंगल केली. करू दे, मान माझी होती.

वरून उत्तर देणारे ते आमचे कमांडर, रिसालदार कदमसाहेब. आमच्याच गावचे. इतक्या मोठ्या फौजेत एका गावची दोन माणसं एकाच रणगाड्यात बसावीत, हा योगच म्हणायचा. तिसरा गनर राजस्थानचा. आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की आपल्यालाच शिव्या चालल्यात अशी त्याची खात्री असायची, आणि बऱ्याचदा ती खरीही असायची.

साहेबांशी माझं एकदाच वाजलं. वाळवंटात सराव चालू होता. पुढे पांढरी, सपाट, हातानं सारवल्यासारखी जमीन. साहेब वर उभे, त्यांना लांबपर्यंत सगळं मोकळं दिसत होतं. "चल," म्हणाले. मी थोडा पुढे गेलो आणि थांबलो. इंजिनाचा आवाज जड झाला होता आणि नाक किंचित खाली गेल्यासारखं वाटत होतं. "थांबलास का?" "जमीन खोटं बोलायलीय, साहेब." साहेब हेडफोनवर जे बोलले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. मग रागारागानं खाली उतरले, पुढे चालत गेले आणि चौथ्या-पाचव्या पावलाला बूट घोट्यापर्यंत आत गेला. वर पापडी, खाली चिखल. परत येऊन रणगाड्यावर चढले आणि लांबून वळसा घालायला सांगितलं. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "प्रल्हाद, तुझ्या बुडाला डोळे हायत." एवढं कौतुक मला पुढे पदक मिळालं तेव्हाही कुणी केलं नाही.

आता गावात साहेबांचं घर मोठ्या चौकात आहे. जुनं शेतकऱ्याचं घराणं, पुढे ओटा, मागे गोठा. मी सिद्धार्थनगरचा. रणगाड्यात आम्ही एका डब्यात जेवलो. गावात मी साहेबांच्या ओट्यावर खुर्चीवर बसतो, चहा पितो, त्यांच्या सूनबाई मला काका म्हणतात. तरी गल्ल्या वेगळ्या त्या वेगळ्याच, आणि त्या गल्ल्यांना आमची रेजिमेंट माहीत नाही.

गेल्या वर्षी चौकात निकामी रणगाडा बसवायचं ठरलं. साहेबांनी अर्जविनंत्या केल्या, समिती झाली आणि हिवाळ्यात एका लांबलचक ट्रेलरवर आमच्याच प्रकारचा एक म्हातारा रणगाडा आला. मी दुकान बंद करून बघायला गेलो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. मग मी आत वाकून पाहिलं आणि पाणी आटलं. आतून त्याचं सगळं काढून घेतलं होतं. दारूगोळा नाही हे ठीकच, पण नळीच्या मागच्या अंगाचे जड भागही नाहीत आणि बुरूज फिरवायचा गिअरही नाही. बुरूज जागेवर धरून ठेवायला उरला होता फक्त एक खटका. नळी मात्र पुढे तशीच लांब. म्हणजे सगळं वजन पुढे आणि मागे काही नाही.

गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, रणगाड्यासाठी चौकात ओटा बांधला होता. क्रेननं रणगाडा त्याच्यावर ठेवला, आणि मी बघतो तर नळी बरोबर सिद्धार्थनगरच्या निळ्या कमानीत रोखलेली. मी गुत्तेदाराला विचारलं, "ह्ये तोंड आमच्याकडं का?"

"सूर्य पाठीमागून यायलाय, मेजर. फोटो लय भारी येतो."

"फोटो तिकडं बाजार समितीच्या कमानीकडूनबी भारी आला असता."

तो हसला. "मेलेली बंदूक हाय. कुणाकडं का असंना."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटलेलं नाही. मेलेली बंदूक कुणाकडे का असेना, तर मग ती त्याच्या घराकडे का नव्हती? कमानीतून येता-जाता पोरं नळीकडे बघायची. एक म्हातारी मला थांबवून हळूच म्हणाली, "मेजर, आत गोळा हाय का रं?" मी म्हणालो, नाही आजी. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीही त्यांच्यातला झालो आहे.

रणगाडा बसवला त्या दिवशीची एक गोष्ट लक्षात ठेवा. बाकीची झाकणं बंद झाली होती, वरचं एक झाकण वेल्डिंगनं कायमचं बंद करायचं उरलं होतं. त्याच्या आधी साहेब स्वतः आत उतरले, बुरुजाचा खटका लावला आणि घामाघूम होऊन वर आले. मी खाली उभा होतो. "खटका लागला का, साहेब?"

"लागला."

"मला आवाज आला न्हाई."

"तुझे कान गेलेत आता." आणि त्यांनी वेल्डरला खूण केली.

त्यानंतर साहेबांनी रणगाड्याला जीव लावला. चौकातला नळ एका अंगाला होता, म्हणून ओट्याच्या त्या अंगाला हिरवळ लावली, कडेनं झेंडू लावला आणि रोज सकाळी पाईप धरून पाणी घालायला लागले. दुसऱ्या अंगाला, बाजार समितीकडे, जीपगाड्या उभ्या राहतात. तिकडे हिरवळ टिकली नसती. तिकडची जमीन आपली नेहमीसारखी वाळत गेली, आणि फेब्रुवारी उलटला तशा भेगा पडायला लागल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी सगळा गाव चौकात गोळा झाला. नळी फिरली होती. सिद्धार्थनगरची कमान सोडून ती आता बाजार समितीच्या कमानीवर रोखलेली होती. झाकणाचं वेल्डिंग जसंच्या तसं. आत जायला वाट नाही. आणि जयंती, चौदा एप्रिल, हाताच्या अंतरावर.

अर्ध्या तासात गावात चार गट पडले. बाजारातली मंडळी म्हणाली, सिद्धार्थनगरच्या पोरांनी मुद्दाम आमच्यावर रोखली. आमची पोरं म्हणाली, हे त्यांनीच केलं, मिरवणूक बंद पाडायला निमित्त पाहिजे म्हणून. काहींना त्यात निवडणूक दिसली. एक शिक्षक म्हणाले की उपग्रहावरून फिरवता येते. आणि सगळे मिळून शेवटी माझ्याकडे बघायला लागले. गावात रणगाडा माहीत असलेली माणसं कितीशी?

दुपारी ठाण्यातून बोलावणं आलं. इन्स्पेक्टर नवे होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मला त्या चहाचाही संशय आला.

"मेजर, हे फिरवता येईल अशी माणसं गावात किती?"

"दोन. मी आणि कदमसाहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी कदमसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, एकच. प्रल्हाद वाघमारे."

मला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. असा राग मला फौजेतही कधी आला नव्हता. ज्या माणसाच्या एका शब्दावर मी झाकण उघडून मान बाहेर काढायचो, त्या माणसानं माझं नाव ठाण्यात दिलं होतं. इन्स्पेक्टर पुढे म्हणाले की उलगडा होईपर्यंत चौकातून मिरवणूक नेता येणार नाही, मागच्या रस्त्यानं न्यावी लागेल. म्हणजे माझ्यावरचा डाग सगळ्या वस्तीला लागला. आमची मिरवणूक माझ्या जन्माच्या आधीपासून चौकातून जाते. मागच्या रस्त्यानं नेणं म्हणजे आम्ही केलं असं कबूल करणं.

मी घरी येऊन शकुंतलाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी केलं का?" मी म्हणालो, तूबी? "आवो, सगळेच इचारायलेत, म्हणून मीबी इचारलं."

पुढचे काही दिवस मी काय केलं ते सांगतो. मी माणसं शोधली. गुत्तेदार कुठे होता, त्याचा क्रेनवाला कुठे होता, नळीला दोर बांधून कुणी ट्रॅक्टरनं ओढली का. नळीवर दोराचा वळ शोधला, जमिनीवर टायरचे ठसे शोधले. साहेबांवरही माझा संशय गेला. म्हटलं, हा माणूस माझं नाव इतक्या पटकन का सांगतो? स्वतःचं काही झाकायचं असेल. मी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मान वळवून जायला लागलो. त्यांनीही हाक मारली नाही. ते आपले पाईप धरून हिरवळीला पाणी घालत असायचे.

दर वर्षी जयंतीच्या आधी आमच्या बायका चौक धुऊन काढतात. या वर्षीही त्या बादल्या-खराटे घेऊन गेल्या. मिरवणूक अडवली आहे, धुणं कुणी अडवलेलं नाही, असं शकुंतलानं तिथल्या हवालदाराला ऐकवलं. मी लांब पानाच्या टपरीशी उभा राहून पाहत होतो. शकुंतलानं रणगाड्याच्या ओट्यावर पाणी ओतलं, खराटा फिरवला आणि ती एकदम थांबली. मला हात करून बोलावलं.

"आवो, हे पाणी तिकडं कसं काय जायलंय?"

"कुठं?"

"जीपगाड्यांकडं. जानेवारीत झेंड्याच्या टायमाला आमी ओटा धुतला, तवा निम्मं पाणी इकडं आलं होतं आन् निम्मं तिकडं. आता थेंबबी इकडं येईना. ओटा कललाय जनू. आपल्या न्हानीघराचं झालं होतं न्हाई का, तसंच."

आमच्या न्हाणीघराचं दार दर उन्हाळ्यात अडतं आणि पावसाळ्यात सुटतं. इथल्या प्रत्येक घराचं कुठलं ना कुठलं दार अडतं. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, हे इथं जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ज्याच्या बुडाला डोळे आहेत असं साहेब म्हणाले होते, तो मी इतके दिवस नळीकडे बघत होतो आणि माणसांच्या तोंडाकडे बघत होतो. मी खाली वाकलो. जीपच्या बाजूला ओट्याखालच्या भेगेत माझा पंजा गेला. हिरवळीच्या बाजूला माती तट्ट फुगून ओट्याची कड वर उचलली होती. एक अंग वर, एक अंग खाली, आत गिअर नाही आणि सगळं वजन नळीच्या तोंडाला. बाजूनं दिवसभर उसाच्या ट्रॉल्या खडखडत जायच्या. नळी आपली उताराकडे गेली होती.

साहेब तेव्हा हिरवळीवर पाईप धरूनच उभे होते. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, "साहेब, पाईप बंद करा जरा."

"का?"

मी बायकोच्या हातातली बादली घेतली आणि ओट्यावर ओतली. साहेबांनी पाणी कुठे गेलं ते पाहिलं. मग हिरवळ पाहिली, मग हातातला पाईप. कमांडर माणूस, जास्त सांगावं लागलं नाही.

"पण खटका मी ओढला होता," ते म्हणाले.

"ओढला असंल. खाली पडला होता का?"

हा खटका म्हणजे एक जाड खिळी असते, ती बुरुजाच्या दात्यांच्या मधे पडावी लागते. दांडी ओढली तरी कधी कधी खिळी दात्याच्या डोक्यावरच बसून राहते. म्हणून दांडी ओढल्यावर बुरूज जरासा हलवायचा असतो, मग खट् असा आवाज येऊन ती खाचेत बसते. हे रणगाड्यावरच्या प्रत्येक माणसाला पहिल्या वर्षी शिकवतात.

"हलवायला गिअरच नव्हता आत," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "आवाज आला न्हाई असं तू म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

त्यांनी नळ बंद केला, पाईप गोल गुंडाळून ठेवला. "चल ठाण्यात."

"मी कशाला? मला येकदा बोलवून झालंय. तुमी जा."

ते एकटे गेले. त्यांनी तिथं काय सांगितलं ते मला इन्स्पेक्टरांकडून नंतर कळलं. ते म्हणाले होते, "फिरवणारा माणूस एकच आहे असं मी बोललो होतो. ते खरंच होतं. तो मी." इन्स्पेक्टरांना आधी वाटलं की आम्ही दोघांनी मिळून काहीतरी जमवलं आहे, म्हणून तेही येऊन ओट्यावर बादली ओतून गेले.

मिरवणुकीला चौकातून परवानगी मिळाली. आता प्रश्न उरला की नळी कुठे करायची. समितीची बैठक बसली. सिद्धार्थनगरकडे नको, हे आता सगळ्यांनाच पटलं होतं. बाजार समितीकडे नको. तहसीलकडे केली तर सरकारवर रोखल्यासारखी. देवळाकडे, दर्ग्याकडे तर कुणी नावही काढलं नाही. शाळेकडे नको, दवाखान्याकडे नको. गुत्तेदार म्हणाला, आकाशाकडे करा. मी म्हणालो, मागचे जड भाग काढलेत, ती वर राहणार नाही. नळी मेलेली असली तरी ती कुणाकडे तरी असावीच लागते.

जयंतीच्या आदल्या सकाळी वेल्डिंग कापून झाकण उघडलं. साहेब म्हणाले, आत मीच उतरणार. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, तरी ऐकेनात. आत सगळं अंधारलेलं, काचा केव्हाच्या काढून भोकं बुजवलेली. आत बसलेल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. ते खटक्याची दांडी धरून बसणार आणि आम्ही बाहेरून नळी ढकलणार, असं ठरलं. आमच्या वस्तीतली पोरं एका बाजूनं ढकलायला लागली, बाजारातली दुसऱ्या बाजूनं ओढायला, आणि मी पुढे उभा राहून सांगायला लागलो. इन्स्पेक्टर हातात काठी घेऊन उभे. नळी हलली, बाजार समितीची कमान सोडून सरकायला लागली.

"अजून," मी म्हणालो. तहसील गेलं. "अजून." शाळा गेली. पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण त्यांना वाटलं होतं मी मधेच कुठेतरी थांबवीन. मी थांबवलं नाही. नळी पार मागे वळून इंजिनावर आली. रणगाडा लांबच्या प्रवासाला नेताना नळी अशीच मागे ठेवतात. आणि चौकात रणगाड्याच्या बरोबर मागे कदमसाहेबांचं घर आहे. तो ओटा, ती माझी खुर्ची, दाराशी तुळस. साहेबांच्या सूनबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.  इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे.

"हलवा जरा," मी म्हणालो. पोरांनी नळी इंचभर इकडे, इंचभर तिकडे केली, आणि आतून खट् असा आवाज आला. या वेळी तो मला आला. सगळ्या चौकाला आला.

आतून साहेबांचा घुमलेला आवाज आला, "लागला रे. वाघमारे, नळी कुठं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला. मी उत्तर दिलं, "बाजूला हाय, साहेब. या वर."

ते झाकणातून वर आले, घाम पुसला आणि नळीच्या रेषेत बघत बघत त्यांची नजर स्वतःच्या ओट्यावर जाऊन थांबली.  मी मान खाली घातली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेल्डरला हाक मारली. "ये रे. बंद कर. पक्कं कर." उतरायला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक चौकातून गेली. साहेब आपल्या घराच्या ओट्यावर फेटा बांधून उभे होते, नळी डोक्याच्या वर. आता परवा-परवाची गोष्ट, गावात एका लग्नात ड्रोन उडत होता आणि मी सवयीनं लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. आता वरून मारतात, रणगाड्यांवरही जाळ्या बांधायला लागलेत. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनाही तीच सवय.

गुत्तेदारानं पहिल्यांदा नळी आमच्याकडे का केली, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सूर्य पाठीमागून येतो म्हणे. मी विचारत राहणार आहे. साहेबांनी मात्र जीपगाड्यांना तिथून हटवलं, त्या अंगालाही हिरवळ लावली आणि आता रोज सकाळी दोन्ही बाजूंना सारखंच पाणी घालतात. मी दुकान उघडायला जाताना तिथं थांबतो, बाटलीतलं थोडं पाणी रणगाड्याच्या ओट्यावर ओततो आणि ते कुठे जातं ते बघतो. साहेब पाईप धरून, पाणी थांबेपर्यंत माझ्याकडे न बघता उभे असतात.